डीफ्रॅगनंतर पंधरा दिवसांत पुन्हा तुकडे? फाइल कुठे बसवायच्या ते आधी ठरवा

तक्रार साधारण अशी असते. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे पुन्हा सलग लावण्याचं काम, चालवलं, रात्रभर डिस्क खरखरत राहिली, सकाळी अहवालात तुकड्यांचं प्रमाण शून्य टक्के. दोन-चार दिवस मशीन हलकं वाटतं. पंधरवडा उलटला की पुन्हा तेच. मेल उघडायला वेळ लागतो, कुठलंही फोल्डर उघडलं की डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो, आणि विश्लेषण केलं तर त्याच त्या फाइल पुन्हा शेकडो तुकड्यांत. मग माणूस दर आठवड्याला डीफ्रॅग चालवू लागतो, पुढे रोज. मीही बराच काळ हेच केलं. फरक पडला तो फाइल डिस्कवर कुठे बसवायच्या आणि मोकळी जागा कुठे सोडायची हे बदलल्यावर. त्यानंतर डीफ्रॅग उलट कमी वेळा करावं लागलं.

हात घालण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. डिस्क एसएसडी असेल तर पुढचं काहीही तिला लागू नाही. तिथे फिरणारी तबकडी नाही, सरकणारं हेड (डेटा वाचणारं टोक) नाही आणि फाइल प्रत्यक्ष कुठल्या पेशींत ठेवायची ते तिचा कंट्रोलर स्वतः ठरवतो. आपण केलेली मांडणी त्याच्या नकाशाआड झाकली जाते, खर्च होतात ते फक्त लेखनाचे फेरे. विंडोज ८ पासून एसएसडीला ‘ऑप्टिमाइझ’ करताना प्रामुख्याने ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं कळवणारी, सूचना जाते, तेवढी पुरे.

दुसरं म्हणजे डिस्क आजारी नाही ना ते बघा. ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, दाखवणाऱ्या कुठल्याही साधनात ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर काउंट’ हे दोन आकडे असतात. पहिला शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर मंदपणाचं कारण तुकडे नाहीत, मरत चाललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे बारीक कप्पे) आहेत. अशा डिस्कवर डीफ्रॅग म्हणजे आजारी माणसाला डोंगर चढायला लावणं. आधी बॅकअप घ्या आणि डिस्क बदला.

आता थोडं गणित, कारण कुठल्या तुकड्यांची काळजी करायची आणि कुठले सोडून द्यायचे हे त्यावरूनच ठरतं.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर (तबकडीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यावर) जायला साधारण ९ मिलिसेकंद धरू. म्हणजे दूरच्या प्रत्येक नव्या तुकड्यामागे अंदाजे १३ मिलिसेकंद नुसते वाट बघण्यात जातात. सेकंदाला १५० एमबी वाचणारी डिस्क तेवढ्या वेळात सुमारे २ एमबी सलग वाचून मोकळी झाली असती. तुकडे ४ केबीचे असले तर सेकंदाला ७७ उड्या, म्हणजे जेमतेम ३०० केबी हाती लागतात. तेच तुकडे ६४ एमबीचे असले तर प्रत्येकाच्या वाचनाला ४२७ मिलिसेकंद आणि उडीला १३. हा फरक कुणाला जाणवणारही नाही. विंडोज व्हिस्टापासूनचं डीफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मुळात मोजतच नाही, त्यामागे हेच गणित आहे. दुसऱ्या एखाद्या साधनाने ४ जीबीचा चित्रपट ‘२० तुकड्यांत’ असल्याचं लाल अक्षरांत दाखवलं, तर तो तसाच राहू द्या. अख्खा चित्रपट बघताना त्यापायी पाव सेकंद जाईल. तो एकसंध करायला मात्र अख्खा ४ जीबी डेटा वाचून पुन्हा लिहावा लागतो.

म्हणजे शत्रू आहेत ते बारीक तुकडे. ते परत का येतात?

फाइल वाढते तेव्हा फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) आधी तिच्या शेवटच्या क्लस्टरला, म्हणजे जागा वाटण्याच्या सर्वांत लहान ठोकळ्याला, लागून पुढे जागा आहे का ते पाहते. असेल तर फाइल सलग राहते. नसेल तर पुढचा तुकडा जिथे जागा मिळेल तिथे. डीफ्रॅगची सर्वांत लोकप्रिय पद्धत म्हणजे सगळ्या फाइल डिस्कच्या सुरुवातीला एकमेकींना चिकटवून ठेवायच्या आणि मोकळी जागा एकगठ्ठा शेवटी काढायची. चित्र देखणं दिसतं. पण ग्रंथालयात फडताळ ठासून भरलं की मासिकाचा पुढचा अंक दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो, तसं इथे होतं. मेलची फाइल डिस्कच्या पाच टक्क्यांवर बसलेली असते, तिच्या मागेपुढे कधीही न बदलणाऱ्या फाइलींची भिंत. दुसऱ्या दिवशी चार मेल आले की त्यांचा तुकडा थेट साठ टक्क्यांवर. परवाचा त्याच्याही पुढे. ठासून बसवलेली डिस्क तुकडे जोडते आणि त्याच वेळी पुढच्या तुकड्यांची सोयही करून ठेवते.

म्हणून मी फाइलींचे तीन गट करतो: न बदलणाऱ्या (स्थापित प्रोग्रॅम, जुने फोटो, गाणी), थोड्या थोड्या वाढणाऱ्या (मेलचा साठा, डेटाबेस, लॉग) आणि येऊन-जाऊन असणाऱ्या (ब्राउझरचा कॅश, तात्पुरत्या फाइल, अर्धवट डाउनलोड). बहुतेक गडबड दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला पहिल्यात मिसळल्याने होते.

मांडणीच्या पद्धती अनेक आहेत आणि कुठलीच सगळीकडे चालत नाही. जेकेडीफ्रॅग, त्यानंतरचं मायडीफ्रॅग आणि अल्ट्राडीफ्रॅग या साधनांत त्यातल्या बऱ्याच मिळतात. माझा अनुभव असा.

नुसतं जोडणं: तुटलेल्या फाइल तेवढ्या उचलून सलग जागी ठेवायच्या, बाकी कशाला हात लावायचा नाही. सर्वांत जलद आणि डिस्कला सर्वांत कमी कष्ट. तोटा इतकाच की मोकळी जागा चिंध्यांसारखी विखुरलेली राहते आणि नवी मोठी फाइल त्या चिंध्यांतच लिहिली जाते. आठवड्याच्या देखभालीला हे पुरतं.

नावानुसार लावणं: एका फोल्डरमधल्या फाइल शेजारी शेजारी येतात. प्रोग्रॅम किंवा खेळ सुरू होताना एकाच फोल्डरमधल्या शेकडो लहान फाइल वाचल्या जातात, तिथे याचा खरा फायदा होतो, कारण हेडला लांब जावं लागत नाही. पण एक नवी फाइल मध्ये आली की पुढची सगळी रांग सरकवावी लागते. प्रोग्रॅम एकदा बसवून झाल्यावर करावं, रोज बदलणाऱ्या डिस्कवर अजिबात करू नये.

शेवटच्या वापराच्या तारखेनुसार लावणं: कल्पना फार सुंदर, नेहमी लागणारं पुढे, अडगळ मागे. पण व्हिस्टापासून बराच काळ विंडोजने ही तारीख नोंदवणं मुळात बंद ठेवलं. नोंद बंद असेल तर साधन निरर्थक तारखांवरून तासन्‌तास फाइल हलवत बसतं. एफएसयूटिल या आज्ञेच्या ‘बिहेवियर’ विभागात ‘डिसेबल-लास्ट-ॲक्सेस’ची स्थिती विचारता येते, ती आधी विचारा. नोंद चालू असली तरी अँटिव्हायरस किंवा बॅकअप रोज सगळ्या फाइल उघडत असेल, तर सगळ्याच फाइल ‘कालच वापरलेल्या’ दिसू शकतात. मी ही पद्धत सोडून दिली.

शेवटच्या बदलाच्या तारखेनुसार लावणं: डेटाच्या डिस्कसाठी मला हीच सर्वांत भावते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं वाईट वाटतं. सर्वांत जुन्या, थिजलेल्या फाइल पुढे, काल-परवा बदललेल्या सगळ्यांत शेवटी, आणि त्यांच्यानंतर लगेच मोकळी जागा. वाढणाऱ्या फाइल आपोआप मोकळ्या जागेच्या काठावर येऊन बसतात. पुढच्या वेळी पुढचा सगळा भाग जागच्या जागी असतो, फक्त शेपूट लावावं लागतं. पहिली फेरी लांबते, नंतरच्या आटोपशीर होतात.

विभाग पाडणं: मायडीफ्रॅगने हे नीट रुजवलं. आधी फोल्डरच्या नोंदी, मग नेहमीच्या फाइल, शेवटी मोठ्या आणि क्वचित लागणाऱ्या. दोन विभागांमध्ये डिस्कच्या एक टक्का इतकी मोकळी जागा सोडलेली. सिस्टिम असलेल्या पार्टिशनला (डिस्कच्या स्वतंत्र पाडलेल्या भागाला) हे चांगलं. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: ती सोडलेली जागा कुणासाठी राखीव नसते. फाइल सिस्टिमला ती नुसती मोकळी जागा दिसते आणि पहिली तात्पुरती फाइल येऊन तिथे ठाण मांडू शकते. प्रत्येक वाढत्या फाइलमागे थोडी जागा सोडण्याची युक्ती मी करून पाहिली, आठवडाभर टिकली. जागा खरोखर राखायची तर ती त्या फाइललाच आधी देऊन टाकावी लागते. त्याबद्दल पुढे.

डिस्कच्या ‘सुरुवाती’बद्दलही थोडं बोलायला हवं. डिस्कचे पत्ते बाहेरच्या कडेपासून सुरू होतात. तिथल्या ट्रॅकवर जास्त सेक्टर मावतात, त्यामुळे एका फेऱ्यात जास्त डेटा वाचला जातो. बाहेरचा वेग आतल्या कडेच्या जवळपास दुप्पट असतो. यावरून ‘महत्त्वाचं सगळं पुढे’ हा सल्ला दिला जातो. पण २० केबीची फाइल बाहेर ०.१ मिलिसेकंदात वाचली आणि आत ०.२ मध्ये, तर तिच्याआधीच्या १३ मिलिसेकंदांपुढे त्याला काय किंमत? लहान फाइलींना वेग नको असतो, एकमेकींचा शेजार हवा असतो. बाहेरच्या कडेचा खरा लाभ सलग वाचल्या जाणाऱ्या अजस्र फाइलींना. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी चालू कामाच्या फाइलींसाठी डिस्कवर पहिलं पार्टिशन राखून ठेवावं, ‘मोठ्या फाइल शेवटी’ हा नियम त्यांनी पाळू नये.

आता प्रत्यक्ष निवारण. मी या क्रमाने करतो.

सर्वप्रथम अहवाल. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि डीफ्रॅग आज्ञेला ड्राइव्हचं अक्षर, मग स्लॅश ए आणि स्लॅश व्ही हे पर्याय द्या. हलवाहलव काही होत नाही, फक्त विश्लेषण येतं. लोक टक्केवारी बघून खिडकी बंद करतात. तुम्ही बघा मोकळ्या जागेतला सर्वांत मोठा सलग पट्टा केवढा आहे ते. २०० जीबी मोकळी असूनही सर्वांत मोठा पट्टा काही एमबींचाच असेल, तर नव्या फाइल तुटणारच. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं काँटिग, एकेक फाइल सलग करणारं साधन, घ्या आणि त्याच्या विश्लेषणाच्या पर्यायाने संशयित फाइलींचे तुकडे मोजा. सर्वांत वाईट दहा नावं कागदावर लिहा. डीफ्रॅग करा, आठवड्याने पुन्हा मोजा. जी नावं दोन्ही याद्यांत आहेत, तीच तुमची समस्या. बहुतेक वेळा ती पाच-सहाच निघतात.

मग जागा. डिस्क नव्वद टक्के भरलेली असेल तर कुठलीही मांडणी टिकणार नाही. जुन्या विंडोज एक्सपीचं डीफ्रॅग नीट चालण्यासाठी १५ टक्के जागा मोकळी मागायचं. मी २० टक्के राखतो. जागा झाल्यावर डीफ्रॅग आज्ञेला स्लॅश एक्स देऊन मोकळे पट्टे एकत्र करून घ्या.

त्यानंतर यादीतल्या प्रत्येक नावावर त्याचा त्याचा इलाज. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इथे तुकडे पडणंच थांबतं.

डेटाबेस असेल तर त्याची वाढीची पायरी मोठी करा. एका वेळी १ एमबी वाढणारी फाइल १ जीबी वाढेपर्यंत १०२४ वेळा जागा मागते, तेवढेच तुकडे पडू शकतात. पायरी २५६ एमबी केली की चार. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत डेटा फाइलची मूळ पायरी खरोखरच १ एमबी होती. २०१६ च्या आवृत्तीत ती ६४ एमबी केली गेली. जुन्या आवृत्तीतून पुढे आणलेल्या डेटाबेसला जुनीच पायरी चिकटलेली असते, तिथे हाताने बदलावी लागते.

डाउनलोडच्या प्रोग्रॅममध्ये ‘आधीच जागा राखा’ असा पर्याय असतो, तो चालू करा. तुकड्यातुकड्यांत आणि एकाच वेळी चार-पाच फाइल उतरवताना त्या एकमेकींत गुंफल्या जातात, हा त्यावरचा सरळ उपाय. पर्याय नसेल तर डाउनलोड एका पार्टिशनवर उतरवा आणि पूर्ण झाल्यावर दुसऱ्यावर हलवा. दुसऱ्या पार्टिशनवर जाताना फाइल नव्याने, एका दमात लिहिली जाते. त्याच पार्टिशनमध्ये फोल्डर बदललं तर फक्त नोंद बदलते, डेटा जागचा हलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आभासी मशीनची डिस्क ‘वाढत जाणारी’ न ठेवता निश्चित आकाराची करा. मेलचा साठा आधी मेल प्रोग्रॅममधूनच आवळून घ्या, मग काँटिगने सलग करा. पेजफाइलचा (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं त्या फाइलचा) किमान आणि कमाल आकार सारखा ठेवला की ती वाढत-आक्रसत नाही. ती तीन-चार मोठ्या तुकड्यांत असली तर सोडून द्या. ब्राउझरच्या कॅशमागे मुळीच लागू नका.

एनटीएफएसचं, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचं, कॉम्प्रेशन हे एक छुपं कारण. दाबलेली फाइल १६ क्लस्टरांच्या, म्हणजे ४ केबीच्या क्लस्टरवर ६४ केबीच्या गठ्ठ्यांत साठवली जाते. मजकूर बदलला की गठ्ठ्याचा आकार बदलतो आणि तो जुन्या जागी मावतोच असं नाही. न बदलणाऱ्या फाइलींना कॉम्प्रेशन असू द्या, रोज लिहिल्या जाणाऱ्या फोल्डरवरून काढून टाका.

एवढं करूनही मांडणी परत परत विस्कटत असेल, तर दोन साधनं एकमेकांविरुद्ध काम करत आहेत का ते तपासा. एक्सपी साधारण दर तीन दिवसांनी, मशीन रिकामं असताना, सुरू होताना लागणाऱ्या फाइल स्वतःच्या क्रमाने लावतं. तो क्रम प्रीफेच फोल्डरमधल्या ‘लेआउट डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये असतो. तुमचं साधन त्या फाइल नावानुसार लावणार, विंडोज पुन्हा आपल्या क्रमाने ओढणार. व्हिस्टापासून आठवड्याचं स्वयंचलित डीफ्रॅगही आलं. एकाच्या हाती सूत्रं द्या आणि दुसऱ्याचं वेळापत्रक बंद करा.

काही फाइल हलतच नाहीत. एक्सपीच्या रंगीत पट्टीत त्या हिरव्या दिसायच्या. चालू असलेली पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि एनटीएफएसच्या स्वतःच्या काही नोंदी त्यांत येतात. त्यांच्याभोवती मांडणी करावी लागते, झगडू नये. मास्टर फाइल टेबलसाठी (एनटीएफएसच्या सगळ्या फाइलींच्या मूळ यादीसाठी) एक्सपी मूळ सेटिंगमध्ये पार्टिशनचा साडेबारा टक्के भाग शक्य तोवर मोकळा ठेवतं. ‘एवढी जागा असून साधन तिथे फाइल का ठेवत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. व्हिस्टापासून ही राखीव जागा २०० एमबीच्या टप्प्यांनी दिली जाते.

आणखी एक धक्का अनेकांना बसतो: डीफ्रॅगनंतर जुने रिस्टोअर पॉइंट गायब. शॅडो कॉपी, म्हणजे या पॉइंटसाठी जुन्या प्रती जपणारी विंडोजची सोय, १६ केबीच्या ठोकळ्यांनी बदल टिपते. क्लस्टर त्याहून लहान असेल तर फाइल हलवणं हाही तिला बदल वाटू शकतो, तिची जागा भरते आणि ती जुन्या प्रती टाकून देते. नेहमीचा क्लस्टर ४ केबीचाच असतो. म्हणून अख्खी डिस्क नव्याने लावण्याआधी त्या प्रतींवर विसंबू नका, स्वतंत्र बॅकअप घ्या.

लिनक्सवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम असेल तर फार काही करावं लागत नाही. डेटा प्रत्यक्ष लिहायची वेळ येईपर्यंत जागा ठरवणं ती पुढे ढकलते, त्यामुळे फाइलचा आकार बराचसा कळलेला असतो आणि सलग जागा मिळते. शंका असेल तर ई४डीफ्रॅग नुसतं तपासणीच्या पर्यायासह चालवून बघा. मॅकच्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिमने मॅक ओएसच्या २००३ मधल्या १०.३ आवृत्तीपासून २० एमबीहून लहान आणि आठपेक्षा जास्त तुकड्यांतली फाइल उघडताक्षणी आपोआप जोडायला सुरुवात केली. मोठ्या फाइलींकडे तीही बघत नव्हती.

एसएमआर प्रकारच्या, म्हणजे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले ट्रॅक असणाऱ्या डिस्कवर मात्र नावानुसार किंवा तारखेनुसार मांडणी करू नका. अशी डिस्क नवा डेटा आधी एका वेगळ्या भागात घेते आणि सवडीने पट्टेच्या पट्टे पुन्हा लिहून जागी बसवते. लाखो फाइल हलवल्या तर तो भाग भरून वाहतो आणि वेग इतका पडतो की काम दिवसेंदिवस संपत नाही. तिथे फक्त तुकडे न पडू देण्याचे वरचे उपाय करा.

सगळं झाल्यावर तारीख लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी तोच अहवाल पुन्हा काढा. मोकळ्या जागेतला सर्वांत मोठा पट्टा, यादीतल्या फाइलींचे तुकडे आणि मास्टर फाइल टेबलचे तुकडे, एवढे तीन आकडे आधीच्या कागदाशेजारी ठेवा. पट्टा तेवढाच आणि यादी शांत असेल, तर पुढचं डीफ्रॅग दोन महिन्यांनी केलं तरी चालेल. यादीत एखादं नवं नाव दिसलं, तर त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये फाइल वाढवण्याचा किंवा जागा राखण्याचा पर्याय कुठे आहे ते आधी शोधा.